दांड्याचा टवका

दोह्यात, अल थुमामामधल्या सरोजताईंच्या फ्लॅटमध्ये नुपूर आली, पण बसायचं नाव घेईना. वरून विमान गेलं की खिडकीकडे बघायची आणि पुन्हा येरझाऱ्या घालायची.

“ताई, उद्या मला चोर ठरवतील. नोकरी गेली की व्हिसा गेला. लेकीच्या, ओवीच्या बॅगासुद्धा भरून झाल्यात.”

सरोजताई पूर्वी विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडायच्या. आता खासगी चौकशा करतात. मदतीला नवरा, मधुकरराव. मदत म्हणजे चहा आणि चुकीचे अंदाज.

नुपूरनं कागद पसरला. जाड, गोलमटोल मराठी अक्षरं, कडा झिजलेल्या, शाई मध्येमध्ये न लागलेली. खोडरबर कोरून तिनं ठसे उमटवले होते आणि ते स्कॅन करून फॉन्ट बनवला होता. आता ऑफिसातला कौशिक म्हणत होता, फॉन्ट माझा, हिनं ढापला.

“प्रत्येक अक्षराला वेगळा ठसा?” सरोजताईंनी विचारलं.

“गोल भागाला वेगळा. उभा दांडा मात्र एकच कोरला, सगळीकडे तोच मारला.”

“सुरुवात कुठून?”

“इथल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात माझा स्टॉल होता. ‘मसाला पान’ एवढीच पाटी हवी होती. ती अक्षरं आवडली, म्हणून मग बाकीची केली.”

“पाटी कुठाय?”

“कचऱ्यात गेली. फोटो सगळ्यांनी स्वतःचेच काढले. आणि ते खोडरबर ओवीनं वापरून संपवले.”

सरोजताईंनी भिंग घेतलं. “अहो, हे बघा. ‘ख’, ‘ग’, ‘घ’, सगळ्यांच्या दांड्याचा खाली टवका उडालाय. ‘म’ आणि ‘प’ मात्र धडधाकट.”

“शाई जास्त लागली असेल,” मधुकरराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिघं नुपूरच्या वेस्ट बेमधल्या ऑफिसात पोचली, तेव्हा डिझाइन स्टुडिओचा प्रमुख धवल वैतागून बसला होता. “फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये होती. दोघं म्हणतात माझी. मी करू काय?”

कौशिक मात्र निवांत होता.

“दांडा एकच होता?” सरोजताईंनी त्याला विचारलं.

“एकच. शेवटपर्यंत तोच.”

“आणि क्रम?”

“‘क’ ते ‘ज्ञ’, ओळीनं. एका शनिवारी बसून खलास केलं.”

“मग एक सांगा. खोडरबराचा उडालेला टवका पुन्हा भरून येतो का?”

कौशिकनं खुर्ची पुढे ओढली.

“‘ख’लाच टवका आहे. म्हणजे पुढच्या सगळ्या दांड्यांना हवा. पण म, स, ल, प, न आणि काना, एवढेच शाबूत आहेत.”

“तिथं शाई जास्त लागली असेल,” कौशिक म्हणाला.

मधुकरराव खुर्चीत ताठ झाले. “नेमकी ‘मसाला पान’लाच?”

सरोजताईंनी नवऱ्याकडे कौतुकानं बघितलं. “दांडा नवा होता तेव्हा नुपूरनं पाटी केली. टवका नंतर उडाला. तुम्हाला तयार फाइल मिळाली, वर्णमालेच्या क्रमानं लावलेली. तुम्हाला वाटलं, अक्षरं केलीही तशीच असतील.”

“माझं काँट्रॅक्ट या महिन्यात संपतंय,” कौशिक पुटपुटला. “काहीतरी दाखवायला हवं होतं.”

त्याची कीव आली सरोजताईंना. पण नुपूरची जास्त.

“कौशिक, केबिनमध्ये चल,” धवल म्हणाला.

वरून विमान गेलं. नुपूरनं वर बघितलंच नाही. ती घरी फोन लावत होती. “ओवी, बॅगेतले कपडे परत कपाटात ठेव.”

“ऑल ऑफ देम, मम्मा?”

“सगळे गं, सगळे,” म्हणता म्हणता नुपूर रडायलाच लागली.