चौदावी खुर्ची

“उशी म्हणजे डोकं ठेवायला असते. ही तर मलाच गिळायला बसलीय,” पांघरुणातून ओनोरिना पुटपुटली. “आणि एवढं मोठं हॉटेल, पण सकाळी कुणी साधं ‘दूध हवंय का’ म्हणून विचारत नाही.”

“आई, बटण दाबलं की आणून देतात,” एल्दा म्हणाली.

“बटण दाबून आलेलं दूध नको मला.”

एल्दा मनातल्या मनात हसली. आई कुरकुरतेय म्हणजे आई खुशीत आहे, हे तिला आयुष्यभराच्या अनुभवानं ठाऊक होतं. नव्वदाव्या वाढदिवसाला ओनोरिनानं एकच हट्ट धरला होता. तोरिनोतल्या ज्या हॉटेलात लग्नाची पहिली रात्र काढली, तिथंच सगळा गोतावळा घेऊन दोन दिवस राहायचं. लाकडी बाकाची तीच लिफ्ट, तेच लाल मखमली पडदे आणि जिन्याच्या वळणावर तोच संगमरवरी सिंह. येणाऱ्याजाणाऱ्यांनी हात लावून लावून त्याचं नाक गुळगुळीत केलेलं. कालपासून म्हातारी त्या नाकासाठी उगाच खाली-वर करत होती.

घोटाळा झाला तो दुपारी. जेवायला चौदाजण ठरले होते, पण कूनेओ गावची चुलतबहीण आर्मिदा पाय मुरगळून घरीच राहिली. उरले तेरा.

तेरांच्या टेबलावरून जो पहिला उठतो त्याला पुढचं वर्ष दिसत नाही, हे ओनोरिनाच्या गावात शेंबडं पोरही जाणतं. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभीच राहिली, आणि मग बसायची कुणाची छाती होईना.

“आई, एकविसावं शतक चालू आहे,” धाकटा फुल्वियो म्हणाला. तो इंजिनिअर, पण बसला नव्हता तोही.

“तुमचं असेल. मी आपली पाहुणी म्हणून आलेय त्यात.”

“मग दोन टेबलं करू.”

“माझ्या वाढदिवसाला माझी माणसं दोन टेबलांवर? त्यापेक्षा बसू तेराच. जेवण झालं की मी पहिली उठते. मला काय, कधीतरी उठायचंच आहे.”

पोरं हसली. एल्दा मात्र हसली नाही. आई थट्टेत बोलते तेव्हाच खरं बोलते, आणि बोलली की करते.

भोजनगृहाचे प्रमुख सिन्योर कामेरानो लगबगीनं पुढं आले. “सिन्योरा, आमच्या हॉटेलात तेरांची पंगत आजवर बसू दिलेली नाही. चौदावा आम्ही देतो.” रस्त्यावरच्या कमानींच्या पलीकडे एक म्हातारे औषधवाले राहायचे. अशी वेळ आली की ते काळा कोट चढवून यायचे, पोटभर जेवायचे आणि कुणाच्या घरच्या भानगडीत नाक खुपसायचे नाहीत. कामेरानो फोन करायला गेले.

आला तो मात्र पंचविशीचा पोरगा. अंगात हिरवा हातविणीचा स्वेटर, गाल वाऱ्यानं लाल झालेले. औषधवाल्यांचा पुतण्या असावा. भिंतीलगतची रिकामी खुर्ची ओढून तो थेट ओनोरिना आणि फुल्वियोच्या मध्ये बसला. दार कुणी उघडं टाकावं तशी गार झुळूक एल्दाच्या घोट्यांवरून गेली.

“मला ताट नको,” तो म्हणाला. “मी काही राहायचा नाही. नुसता बसतो.”

चौदा झाले. सगळे हुश्श करून बसले आणि जेवणाला जे तोंड लागलं ते लागलंच. मांसाच्या पुरणाच्या आन्योलोत्ती आल्या, उकडलेलं मांस आणि त्याची हिरवी चटणी आली, बार्बेरा वाइनच्या बाटल्या फिरल्या. वाढपी पोरग्याच्या पाठीमागून गेला. त्याच्यापुढं पेला नाही हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

“काय रे बेडका,” पोरगा फुल्वियोला म्हणाला, “अजून पाण्याला भितोस का?”

फुल्वियोचा काटा हवेतच थांबला. त्याला बेडूक म्हणणारं जगात एकच माणूस होतं. त्यानं ताईकडं पाहिलं. एल्दानं टेबलक्लॉथवरची नसलेली घडी सरळ केली. मग फुल्वियो हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

“भितो. अजून भितो,” तो म्हणाला. “पोहायला शिकवतो म्हणून मला गिरणीच्या कालव्यात कुणी ढकललं होतं, ते सांग ना या पोरांना.”

पोरग्यानं सांगितलं. नातवंडं टेबल बडवून हसली. आपला टक्कल पडलेला बाबा चड्डीवर कालव्यात गटांगळ्या खातोय, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. घरातल्या कितीतरी गोष्टी त्यांना सांगितलेल्या नव्हत्या. भिंतीवरून उतरवून ठेवलेले फोटो तर त्यांनी पाहिलेच नव्हते.

“कसला भारी आहे हा!” फुल्वियोची मुलगी जिनेव्रा एल्दाच्या कानाशी लागली. “कोण आहे गं, आत्या?”

“हॉटेलनं दिलाय,” एल्दा म्हणाली आणि घोटभर बार्बेरा प्यायली.

मग गाणी झाली, डोंगरातली, चार आवाजांची. वरचा सूर त्या घरात चाळीस वर्षं रिकामा होता. आज तो कुणीतरी धरला आणि गाणं छताला जाऊन भिडलं. शेजारच्या टेबलांवरचे लोक टाळ्या पिटायला लागले. ओनोरिना गाल लालबुंद करून गात होती. नवऱ्यानं लग्नाच्या रात्री त्या सिंहाच्या नाकावर आपली टोपी कशी अडकवली, हे तिनं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा जास्तच हसू आलं.

गोड खाऊन झालं. पोरग्यानं फळांच्या परडीतलं एक संत्रं उचललं आणि सोललं, साल कुठंही न तोडता, एका लांब सुरळीत. ती सुरळी त्यानं ओनोरिनाच्या कानावर अडकवली. डूल घालावा तशी.

मोठ्यांनी तो डूल पूर्वी पाहिलेला होता. पोरं अजून हसत होती.

ओनोरिनानं त्याच्याकडं पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग तिनं पोरांकडं पाहिलं, एकेकाकडं, आणि दोन्ही तळवे टेबलावर टेकले.

ती उठणार होती.

“आई, थांब,” एल्दा म्हणाली. “आपण चौदा आहोत.”

ओनोरिनानं मान हलवली. तिचे कोपर ताठ झाले.

पण त्याआधी पोरगा उठला.

झटकन उठला. शर्यत लावल्यासारखा. आईच्या खांद्यावर हात ठेवून त्यानं तिला अलगद खाली बसवलं, सगळ्यांकडं बघून हसला आणि पडद्यांच्या बाजूनं बाहेर गेला.

तेवढ्यात कामेरानो आले. चेहरा ओढलेला.

“माफ करा सिन्योरा. ते औषधवाले तापानं आडवे पडलेत. मी मघाशीच सांगायला आलो होतो, पण तुम्ही इतक्या आनंदात गात होता, धीर झाला नाही. शेवटी तुम्हाला तेराच बसावं लागलं.”

“तेरा कसे?” जिनेव्रा म्हणाली. “इथं एकजण बसला होता की!”

कामेरानोंनी खुर्चीकडं पाहिलं. “इथं? मला वाटलं, कोट ठेवायला म्हणून ओढून घेतलीत.”

एल्दानं आईच्या कानावरची साल काढली. कडक लागली. आतल्या बाजूला पांढरा बर्फ धरला होता. तिच्या बोटांत ती काचेसारखी मोडली.

तिचा भाऊ तूल्लियो डोंगरावर गेला आणि परतलाच नाही, त्या हिवाळ्यापासून आईनं त्याच्या नावानं कधी मेणबत्ती लावू दिली नव्हती. कधी प्रार्थना करू दिली नव्हती. तो बाहेर गेलाय, एवढंच घरात म्हणायचं होतं.

“मी उठत होते,” ओनोरिना म्हणाली. तिच्या ओठांवरचं हसू अजून गेलं नव्हतं. “त्यानं उठू दिलं नाही. त्याला आता कसलं भ्या?”

तिनं रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि गारठा लागला तशी बोटं मिटली.

“आपला तूल्लियो मेलाय रे, पोरांनो.”