कौनसचा हिरवा मफलर

रविवारी सकाळी कचरा टाकायला अंगणात उतरले, तर आमच्या फाटकाशी एक उंच तरुण झटापट करत होता. छपरावरचं बर्फ वितळून सगळीकडून पाणी टपटपत होतं आणि त्याच्या चष्म्यावर थेंबच थेंब साचले होते. गळ्यात गडद हिरवा मफलर. म्हणजे आमच्या शहराच्या जुन्या वैऱ्यांचा, कौनसच्या बास्केटबॉलवाल्यांचा! तो रंग घालून आमच्या विल्नियसमध्ये फिरायला एकतर हिंमत लागते, नाहीतर अक्कल कमी लागते.

"आत कसे आलात?" मी विचारलं.

"कुणीतरी बाहेर पडत होतं, तेव्हा शिरलो. वाटलं, पलीकडच्या गल्लीत निघता येईल."

"पलीकडे भिंत आहे."

"ते कळलं... आता." तो ओशाळून हसला. "तुमच्या गावात एक रस्ता सरळ जाईल तर शपथ. आमच्याकडे एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक दिसतं."

"म्हणजे मधे बघण्यासारखं काहीच नाही."

फाटक उघडायचं बटण कचऱ्याच्या डब्यांमागे आहे. ते दाबून मी त्याची सुटका केली. तरी स्वारी हलेना. मी चष्म्याच्या दुकानात काम करते; मळक्या काचा मला बघवत नाहीत.

"द्या इकडे," म्हणत मी त्याचा चष्मा घेतला आणि स्वेटरच्या टोकाने पुसू लागले. त्याचे डोळे करडे होते, अन् माझ्यावरच खिळलेले.

"काही दिसतंय का?"

"धूसर. पण... छान आहे."

माझे कान तापले. चष्मा मी जरा घाईनेच परत केला.

त्याचं नाव दोमंतस. इथल्या एका शाळेने त्याला मुलांचा बास्केटबॉल प्रशिक्षक म्हणून बोलावलं होतं आणि संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. 'नाही' म्हटलं की संपलं, परत इकडे येण्याचं कारणच नाही.

"बाबा आठवडाभर बोलत नाहीयेत," तो म्हणाला. "म्हणतात, त्या विल्नियसच्या पोरांना आपल्यालाच हरवायला शिकवणार का? म्हटलं, आधी गाव पायी फिरून बघू. राहायचं तिथली माती पायांना पटायला हवी."

"असे एकटे फिरलात तर प्रत्येक अंगणात अडकाल. थांबा, कोट घालून येते. मी वाइवा."

मग आम्ही चाललो. फुटपाथवर जागोजाग लाल-पांढऱ्या पट्ट्या बांधलेल्या, छपरांवरून बर्फाचे सुळके कोसळत होते म्हणून. त्यामुळे दगडी रस्त्याच्या मधोमधच चालावं लागत होतं. मी त्याला माझी लपलेली अंगणं दाखवली, लाकडी जिने दाखवले, ज्या खिडकीतलं लठ्ठ मांजर मला रोज तुच्छतेने बघतं तेही दाखवलं. मांजराने त्याच्याकडेही तसंच बघितलं, तेव्हा मला बरं वाटलं.

एका वळणावर त्याने एकदम माझी बाही धरून मला ओढलं. मागे धाडकन बर्फ आपटलं. बाही सोडायला त्याने जरा उशीरच केला. माझ्या केसांतून पाणी ओघळत होतं.

"हा मफलर गुंडाळा डोक्याला."

"भिजले तरी चालेल. हिरवी होणार नाही."

"एवढा राग?"

"जन्मापासून."

पुलापलीकडच्या खानावळीत बटाट्याची धिरडी खाल्ली, वर आंबट साय घालून. त्याने माझ्या ताटलीतलं शेवटचं धिरडं न विचारता उचललं. मी त्याच्या हातावर काटा टोचायचं नाटक केलं.

"मग? पाय काय म्हणतात?"

"पायांना पटलंय. बाबांना पटत नाहीये."

"आणि तुला?"

'तुला' तोंडातून निसटलं खरं. दोघांच्याही ते लक्षात आलं.

"मी... विचार करतोय," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबला होता. राहा, एवढाच तर शब्द होता! पण मी हवेबद्दल बोलले. पुढच्या आठवड्यात पुन्हा गारठेल म्हणे... असलं काहीतरी. परतीच्या वाटेवर मला स्वतःचाच इतका राग येत होता की, मी त्याला उरलेली अंगणं दाखवायचीही विसरले.

दारापर्यंत तो सोडायला आला. मी आत गेले, ओले बूट काढले आणि वळले. तो उंबऱ्याबाहेर उभा होता.

"शाळेला अजून फोन केला नाहीये," तो हळूच म्हणाला. "गाडीत बसून 'नाही' कळवतो. बाबांचं मन मोडवत नाही... आणि इथे थांब म्हणणारंही कुणी नाही." त्याने हात पुढे केला. "येतो, वाइवा."

मी हात मागे घेतला. उंबऱ्यावरून हात दिला की माणसं दुरावतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कौनसच्यालाही असणारच.

"आत ये. नाहीतर मी बाहेर येते."

"आत आलो तर गाडी चुकेल."

मी उंबरा ओलांडला. पायात नुसते लोकरीचे मोजे, आणि दारात बर्फाच्या पाण्याचं तळं. थंडी टाळूपर्यंत गेली.

"राहा," मी म्हणाले. "विल्नियससाठी नको राहू. मला... मला तू आवडतोस, म्हणून राहा."

मी पुन्हा हवेबद्दल बोलणार होते. तेवढ्यात त्याने फोन काढला. पहिला फोन शाळेला नाही, घरी लावला.

"बाबा, मी विल्नियसची नोकरी घेतोय."

पलीकडून मलाही ऐकू येईल एवढ्या मोठ्याने, "मुलगी आहे का कुणी?"

दोमंतसने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

"आहे."

"तिकडचीच?"

"इकडचीच."

एक लांब सुस्कारा. "मग तिला सांग, घरी येताना हिरवा मफलर घालून यायचं. नाहीतर दार उघडणार नाही."

फोन ठेवून त्याने मफलर काढला आणि माझ्यापुढे धरला. घे असं काही म्हणाला नाही, नुसती वाट बघत राहिला. मी मान पुढे केली. त्याने दोन वेढे घातले, गाठ मारली आणि गाठीवरचा हात तसाच ठेवला.

लोकर अजून त्याच्या गळ्याने उबदार होती. समोरच्या खिडकीतून शेजारीण आजी बघत होत्या, उद्या सगळ्या गल्लीत बोभाटा होणार होता. मोजे पार भिजले होते.

मी मफलर काढला नाही.