एक पिशवी, दोन दाढा

दातांच्या दवाखान्यात बर्फाची पिशवी एकच होती आणि सुजलेले गाल दोन. दोघांचे हात एकाच वेळी तिच्यावर पडले.

"घ्या तुम्ही," तो म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बोटांना ग्रीसचा वास होता.

"का? बाईमाणूस म्हणून?"

"नाही... तुम्ही असं बघताय, आणि मला पिशवीपेक्षा जीव प्यारा आहे."

ती हसली — आणि कळ थेट कानात गेली. "हसवू नका हो!"

ती गाडी चालवायला शिकवायची. "क्लच, क्लच!" असं दिवसभर ओरडताना आठवडाभर प्रत्येक शब्द दाढेवर आपटत होता.

तिला आत बोलावलं. थोड्याच वेळात ती दार आपटून बाहेर आली.

"काय झालं?"

"म्हणे, एक्स-रेच्या फोटोत काही नाही. पाळी जवळ आली की बायकांना जास्त दुखतं, हार्मोन्सचा खेळ. गोळी घ्या, घरी जा."

"मग... त्या दिवसांत जास्त दुखत नाही?" त्याने बिचकत विचारलं.

"दुखतं ना! हार्मोन्स वरखाली झाले की माझं दुखणं वाढतं, मान्य. पण वाढायला आधी दुखणं लागतं की नाही?"

त्याने मान डोलावली. मग हळूच म्हणाला, "मागच्या वेळी यांनीच माझी दाढ बधीर न करता कोरली. 'पुरुष आहात, चालेल' म्हणाले. मीही... चालेल म्हणालो. खुर्चीचा हात उपटायचाच बाकी होता."

"आणि गप्प बसलात?"

"बसलो."

"शहाणेच आहात!" पण तिचा आवाज मऊ झाला होता. तिने त्याची बाही ओढली. "चला आत. बधीर केल्याशिवाय तुम्ही तोंड उघडायचं नाही. आणि दाढ पुन्हा तपासल्याशिवाय मी हलणार नाही."

"एकेक जण या," डॉक्टर खेकसले.

"नाही," तो म्हणाला — आणि स्वतःच दचकला. "आधी यांची दाढ. नीट बघा."

डॉक्टरांनी कुरकुरत तिला कापसाची कांडी एकेका दाढेखाली चावायला लावली. शेवटच्या दाढेला चावून तिने जबडा सैल केला मात्र, ती खुर्चीतून उसळली. त्यांनी दिवा जवळ ओढला. बराच वेळ बघितलं.

"भेग आहे," ते पुटपुटले. "फोटोत दिसत नाही कधीकधी."

संध्याकाळी दोघं पायरीवर बसले होते, बधीर ओठ लोंबकळत.

"उद्या... भेटाल?" त्याने कसंबसं विचारलं.

बधिरपणा उतरेपर्यंत बोलू नका, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. तिने आज पुन्हा त्यांचं ऐकलं नाही.