कागोयाच्या जन्माचा व्रण

"आई, खरं सांग... कुणाचं आहे हे?"

मागणी घालायला येणाऱ्या पाहुण्यांची गाडी वळणावर दिसली होती, आणि गोमेसी या नव्या रेशमी झग्यातली कागोया भरल्या डोळ्यांनी आईच्या फुगलेल्या पोटाकडे बघत होती.

"दादाला जाऊन नऊ वर्षं झाली, वहिनी!" आत्या फिसकारली. "वाऱ्यानं फुगलं म्हणून सांगू का त्यांना? त्यापेक्षा चुलीमागे बस. तू आजारी आहेस म्हणते मी."

कागोयाची आई, नाइगागा, चुलीकडे वळली. खरं सांगायची सोय नव्हती. बाळ अडलं म्हणून दूरच्या शहरात तिचं पोट कापून कागोयाला बाहेर काढलं होतं. ती जखम वरून मिटली, आतून मात्र विरत गेली, आणि त्या फटीतून आतडं पुढे येऊ लागलं... हे फक्त तिला आणि गेलेल्या नवऱ्याला ठाऊक होतं. आईचं पोट कापलं तर लेकीचंही कापावं लागतं, असं गावातल्या म्हाताऱ्या म्हणत. अशा मुलीला सून कोण करून घेणार? दरवर्षी इस्पितळात शस्त्रक्रियेचं शिबिर भरे, दरवर्षी ती दारापर्यंत जाऊन परते. नंतर तीन महिने ओझं उचलायचं नाही म्हणत... मग रताळ्यांचं शेत कोण खणणार, लेकीला कोण शिकवणार? कलंक तर कलंक! तो आपल्या कपाळी असू दे.

अंगणात ढोल वाजू लागले. तिने शिजलेल्या हिरव्या केळ्यांचं जड पातेलं चुलीवरून उतरवलं, आणि तिथेच मटकन खाली बसली.

शेजाऱ्याने तिला मोटारसायकलवरून इस्पितळात आणलं, तेव्हा उलट्या थांबत नव्हत्या.

"सोबत कोण?" डॉक्टर अपिओंनी विचारलं. तिथे रुग्णाचं पाणी, जेवण, चादरी, सारं घरच्यांनीच बघायचं असे.

"कुणी नाही, बाई. लेक आज कामात आहे."

पण शेजाऱ्याने निरोप पोचवला होता. कागोया धावत, धापा टाकत आली, आणि आई गरोदर असल्याचं डॉक्टरांना सांगू लागली.

"गरोदर?" डॉक्टर तिच्यावर उखडल्या. "तुझ्या जन्माच्या वेळी पोट कापलं, त्याचा व्रण आहे तो! हर्निया. आतडं त्यात अडकलंय. मागच्या शिबिरात आली असती तर जाळी बसवून घरी धाडली असती. आता आतडं कुजलं असेल, तर जाळीही लावता यायची नाही. जीव वाचला तरी पुष्कळ."

कागोया खाटेपाशी कोसळली. "का नाही गं बोललीस? मी तुला काय काय म्हणाले...!"

"सासरी कुणाला सांगू नकोस हं." नाइगागाने तिच्या गालावर हात ठेवला. "अन् पाहुण्यांना जेवण पुरलं का?"

"पुरलं. आत्यानं दोनदा वाढून घेतलं."

"घेणारच ती!" नाइगागा हसली, आणि हसता हसता कळवळली.

खाट आत गेली, दार लागलं. कागोया वळली तर मागे होणारी सासू उभी! तिच्याच मागून आली होती. तिने सारं ऐकलं होतं.

"एवढ्यासाठी लपवलं तिनं?" सासू भिंतीला टेकली. "अगं पोरी... माझा मुलगाही पोट कापूनच झालाय!"

कागोया दाराकडे धावली, दोन्ही हातांनी दार बडवू लागली. "आई! ऐकलंस का? त्यांचंही... आई!"

आत नाइगागाला भूल चढली होती. ती भूल पुन्हा उतरलीच नाही.