बर्फाच्या लाद्या आणि मुलांचं मत

२०६१ साली वेळशेत बंदराच्या ग्रामसभेत मुलांनाही एक मत होतं. यंदा ते बारा वर्षांच्या हेमांगी तांडेलच्या गळ्यात पडलं होतं. गावासाठी छोटी अणुभट्टी (अणू फोडून निघालेल्या उष्णतेवर वीज करणारं यंत्र) घ्यायची, की ऊन-वाऱ्याची वीज वाढवायची? सभा चार वाजता, आणि हेमांगीचं डोकं पार चक्रावलेलं. ज्याचं ऐकावं त्याचं पटायचं!

दुपारी तिने आजोबांना गाठलं. त्यांचा सारा जन्म अणुभट्टीत काम करण्यात गेलेला; ते तरी एक काय ते सांगतील.

"आजोबा, मी बेरीज केली. ऊन-वाऱ्याची वीज वाढवली तर वर्षभरात गरजेपेक्षा जास्त मिळते. मग भट्टी कशाला?"

"दुपारी पोटभर जेवलीस म्हणून परवाची भूक भागते का गं? वीज बनते त्याच क्षणी वापरावी लागते, नाहीतर साठवावी लागते. रात्री वारा पडला तर?"

"मग भट्टीच हवी!"

"ती रात्रंदिवस चालते खरी. पण बांधायला वर्षं लागतात, आणि तिचा किरणोत्सारी (घातक किरण सोडणारा) कचरा हजारो वर्षं सांभाळावा लागतो."

हेमांगी रडकुंडीला आली. "तुम्हीपण दोन्हीकडून बोलता!"

"बरं, रात्री सगळ्यात जास्त वीज कोण खातं?"

"आपला बर्फाचा कारखाना. पहाटे होड्या मासे टिकवायला बर्फ घेऊन निघतात, म्हणून बाबा रात्री लाद्या गोठवतात."

"आणि दुपारी गोठवल्या तर?"

"वितळ..." ती थबकली. "नाही! शीतखोलीत दोन दिवस टिकतात की. म्हणजे दुपारचं ऊन लादीत साठवता येईल! पण दवाखान्यातलं श्वासाचं यंत्र? ते कसं थांबणार?"

"ते मलाही कळत नाहीये," आजोबा म्हणाले.

सभेत दोन्ही बाजूंना एकेचाळीस-एकेचाळीस हात वर झाले. सगळे हेमांगीकडे बघू लागले. भट्टीसाठी हात वर केलेले बाबाही. ती उभी राहिली.

"मी आज मत देत नाही. कोणतं काम थांबू शकतं आणि कोणतं नाही, याची यादी आहे का कोणाकडे? बाबा, आपण दुपारी बर्फ का नाही करत?"

"अगं, बापजाद्यांपासून रात्रीच..." बाबांनी डोकं खाजवलं.

सरपंचबाईंनी हेमांगीलाच ती यादी करायला सांगून मतदान आठ दिवस पुढे ढकललं. दुसऱ्या दिवशी भर उन्हात कारखान्याची यंत्रं घरघरू लागली. दवाखान्याचं कोडं मात्र सुटलं नव्हतं. हेमांगी वही घेऊन तिकडेच निघाली, आणि या वेळी बाबा तिच्यासोबत होते.