मशालबाई आणि उंबरेसाहेब

लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे थांबली, तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? बरं वाटलं. खरंच! आता निदान काही वेळ मला कुणी हाक मारणार नव्हतं. मी तिथेच खाली बसकण मारली, ओली छत्री एका बाजूला, पिशवी दुसऱ्या बाजूला, आणि डोळे मिटून घेतले.

मी एक्स-रे काढते. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत माणसांना सांगत असते – "श्वास घ्या... रोखा... सोडा." दिवसाला सत्तर-ऐंशी वेळा. घरी येईपर्यंत माझ्याच अंगात त्राण उरत नाही.

मग एकदम आठवलं... मावशी! दिवसभर बाबांजवळ थांबणाऱ्या मावशी साडेसहा म्हणजे साडेसहाला निघतात, कारण त्यांची बस चुकली की पुढची तासाभराने. आणि बाबांना एकटं ठेवता येत नाही. चार वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांचा उजवा हात आणि उजवा पाय रुसून बसला, तो बसलाच. बोलणंही तेव्हापासून एकेक शब्द करत येतं. मी धडपडत उठले आणि लाल बटण दाबत सुटले.

बऱ्याच वेळाने पाचव्या मजल्याच्या दाराच्या फटीतून बॅटरीचा उजेड आत आला.

"आत कोण आहे?"

"सातव्या मजल्यावरची. साडेसहाच्या आत बाहेर काढलंत तर फार उपकार होतील हो!"

उजेड माझ्या चेहऱ्यावरून खाली आला, छत्रीवर गेला, पिशवीवर आला... आणि तिथेच थांबला. पिशवीला माझा लाल बिल्ला लावलेला होता.

"अरे देवा," आवाज म्हणाला, "मशालवाल्या का तुम्ही?"

आता हे प्रकरण सांगायलाच हवं. जादूच्या शाळेची नऊ पुस्तकं आहेत. आमच्या वयाच्या निम्म्या लोकांनी ती वाचलीत आणि उरलेल्यांनी वाचल्याचं सांगितलंय. त्या शाळेत चार घराणी. पारा हुशारांचं, शाई अभ्यासूंचं, मशाल शूरांचं – वादळ असो की शत्रू, पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्यांचं. आणि उंबरा... उंबरा म्हणजे मागे राहून दार धरणाऱ्यांचं. पाचव्या भागात शत्रू येतो तेव्हा मशालची मुलं डोंगर उतरून लढायला जातात, आणि उंबऱ्याची मुलं काय करतात? दार धरून उभी राहतात! चाहत्यांमध्ये उंबरा म्हणजे हसण्याचा विषय. तुम्ही कोणत्या घराण्याचे, हे ठरवायला इंटरनेटवर वीस प्रश्नांची चाचणी आहे, आणि चाहत्यांचा एकच कडक नियम आहे – पहिलं उत्तर तेच तुमचं घराणं. पुन्हा चाचणी द्यायची नाही. देणारा लबाड.

"हो, मशाल," मी म्हणाले. "आणि तुम्ही?"

"उंबरा."

"काय सांगता! उंबरा असल्याचं चारचौघांत कबूल करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय."

"बघताय कुठे? फटीतून नाकच दिसत असेल." तो हसला. दमलेलं हसू होतं, पण छान होतं. "आता मी वर मशीनरूममध्ये जातो आणि हाताने चाक फिरवून लिफ्ट पाचव्यावर आणतो. थोडी हलेल. घाबरणार नाही ना... मशालबाई?"

थोड्या वेळाने बटणांवरच्या जाळीतून त्याचा आवाज आला, धापा टाकत. "एक सांगा. मशालवाले लढून परत आले, निम्मे जखमी, तेव्हा दार कुणी उघडलं?"

"उघडलं म्हणजे काय मोठं केलं? दारच ते!"

"तीन दिवस, तीन रात्री न झोपता धरलं होतं. बाहेरून शत्रू त्यांच्या मित्रांचे आवाज काढून हाका मारत होता. तरी उघडलं नाही. आणि खरे आले तेव्हा ओळखून उघडलं. करून दाखवा बरं."

"त्यावर अख्ख्या पुस्तकात दीड पान आहे, उंबरेसाहेब!"

"तेच तर! लेखकसुद्धा त्यांना विसरला..."

लिफ्ट हिसका देत देत वर सरकली. पाचव्यावर दार उघडलं तेव्हा तो समोर उभा, जिना धावत उतरून आलेला. ग्रीसने काळे हात, कपाळाला चिकटलेले ओले केस, आणि डोळ्यांखाली माझ्यासारखीच वर्तुळं. त्याने मनगट वळवून घड्याळ दाखवलं. सहा सत्तावीस. मी आभार न मानताच जिन्याकडे पळाले.

आमची लिफ्ट म्हातारी आहे. दर आठ-दहा दिवसांनी तिला काहीतरी व्हायचं, आणि दर वेळी लिफ्टची कंपनी दुरुस्तीला त्यालाच पाठवायची. काम झालं की हात धुवायला तो आमच्याकडे यायचा, कारण मशीनरूम आमच्याच डोक्यावर. मग हात धुता धुता चहा आला, चहाबरोबर भांडण आलं.

"मशालवाल्यांना शौर्य नाही, घाई असते," तो म्हणायचा.

"आणि उंबऱ्याला संयम नाही, आळस असतो," मी म्हणायचे.

"आळशी माणूस सात मजले चढून तुमची लिफ्ट बघायला आला असता?"

"पगारासाठी आलात."

"पगार मशीनरूमपर्यंतचा आहे. चहाला मी माझा येतो."

मग मी उगाच कप विसळत बसायचे. खिडकीवर पाऊस टपटपत असायचा. तो बाबांच्या खुर्चीजवळ बसून त्यांना पाचवा भाग वाचून दाखवायचा, आणि दार धरण्याचं ते दीड पान मला ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्याने. एकदा तो हात धुवायला येताच बाबांनी त्याच्याकडे बघत, शब्द गोळा करत मला विचारलं, "हा... लिफ्ट... दुरुस्त करायला येतो... की बिघडवायला?"

तो इतका लाजला की ग्रीसचा हात कानाला लावून बसला. आणि मी? मला रात्री झोपताना आठवून हसू आलं. किती दिवसांनी!

पण मी स्वतःला फार हुरळू दिलं नाही. दोन वर्षांपूर्वी एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता, बोलायलाही गोड. निघताना हळूच म्हणाला, "वडिलांची काही दुसरी सोय...?" मी दार उघडून धरलं, तो गेला. दादाही असाच गेला होता, समुद्रापलीकडे, नोकरीसाठी. तो खरा मशाल. लहानपणी ती पुस्तकं आम्ही एका पांघरुणात वाचली होती. आता दर रविवारी फोनवर म्हणतो, "काही लागलं तर सांग." मला लागते ती झोप रे दादा. ती कशी सांगू?

आणि मग ते पत्र आलं. चाहत्यांचं वार्षिक संमेलन, पाच तासांवरच्या शहरात, शनिवार-रविवार. मशाल विरुद्ध उंबरा, भरल्या सभागृहात वाद, आणि मशालच्या बाजूने बोलायला निवडलं होतं... मला! पंधराव्या वर्षापासून मी हे स्वप्न बघत होते. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि फोनवर 'जमणार नाही' असं लिहायला घेतलं.

"काय लिहिताय?" टॉवेलला हात पुसत त्याने विचारलं.

मी सांगितलं.

"मशालबाई घाबरल्या?"

"घाबरले नाही हो!" माझा आवाज एकदम चढला. "दमलेय. चार वर्षांत एक रात्र मी या घराबाहेर काढलेली नाही. शनिवार-रविवारी मावशी येत नाहीत. कुणाच्या भरवशावर जाऊ? मशाल, मशाल करते... आणि जाते कुठे? दवाखान्यात आणि परत!"

बाबा समोरच होते. मी जीभ चावली. त्यांनी मान खिडकीकडे फिरवली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

 तो टॉवेलची घडी करत म्हणाला, "मी थांबतो. मला सुट्टी आहे."

"तुम्ही? अहो, चहाच्या गप्पा वेगळ्या. अंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, रात्री दोनदा उठून कूस बदलायची..."

"आईचं केलंय. तीन वर्षं. शेवटपर्यंत."

"कधी बोलला नाहीत."

"तुम्ही मशालीबद्दल बोलत होतात ना. मधे कुठे बोलू?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी खिडकीकडची मान वळवली, डावा हात उचलला आणि दाराकडे दाखवला. "जा," म्हणाले. एकच शब्द, पण एका दमात.

गाडीत बसल्याबरोबर मी झोपले ती शेवटच्या स्टेशनवर कुणीतरी हलवल्यावरच उठले. रात्री खोलीवर झोपले तीही सलग. रविवारी दुपारी सभागृह गच्च भरलेलं. अर्धे लाल बिल्ले, अर्धे मातकट. हातात माझी चार पानं, त्यात उंबऱ्याची पार चिरफाड केलेली. नाव पुकारायच्या आधी फोन थरथरला. फोटो होता – बाबा दाढी करून, स्वच्छ शर्टात, दारापाशी खुर्ची टाकून बसलेले, मांडीवर त्यांचा फोन, त्यावर आमच्याच सभागृहाचं थेट प्रक्षेपण. खाली लिहिलं होतं, 'आम्ही बघतोय. तुम्ही खुशाल आम्हाला धुवा.'

मी उठले. माईकपाशी गेले. पहिलं पान उघडलं आणि... वाचवेना. अक्षरं दिसत होती, पण मला दिसत होता तो टॉवेलची घडी करणारा माणूस.

"मी एक कबुली देते," मी म्हणाले. "मी पंधरा वर्षांची असताना चाचणी दिली. पहिलं उत्तर आलं... उंबरा."

पुढच्या रांगेतले लाल बिल्ले एकमेकांकडे वळले.

"मी पुन्हा दिली. पुन्हा उंबरा. अकरा वेळा दिली. मशाल यायला कोणती उत्तरं लागतात ते पाठ झालं तेव्हा मशाल आली. मी लबाड आहे." कुणीतरी "शी!" म्हणालं. "मला मागे राहणारी व्हायचं नव्हतं. आणि झाले तीच. चार वर्षं मी एका घराचं दार धरून उभी आहे, आणि मला वाटत होतं ही शिक्षा आहे. परवा कुणीतरी आलं आणि म्हणालं, तुम्ही जा, मी धरतो. मला इतकी वर्षं हे कळलंच नव्हतं की दार धरणाऱ्यांनाही आळीपाळीने धरता येतं. मशालवाले पुढे निघून जातात. उंबऱ्यात... दुसरं कुणीतरी असतं. ज्यांना हे हसण्यासारखं वाटतं त्यांनी एक आठवडा धरून बघावं."

मी लाल बिल्ला काढून टेबलावर ठेवला. मशाल घराणं आपल्याच वक्त्यामुळे हरलं. नंतर चहाला लाल बिल्लेवाल्यांपैकी एकही माझ्याशी बोललं नाही, आणि उंबऱ्यातल्या एका आजोबांनी न बोलता स्वतःचा बिल्ला माझ्या हातात ठेवला.

रात्री घरी पोचले तर लिफ्टवर पाटी. 'बंद आहे.' मी सात मजले चढले. पाचव्यावर थांबले, दम खाल्ला, पुन्हा चढले. दार उघडंच होतं. तो आतल्या बाजूला, चौकटीला टेकून उभा. डोळे लाल, केस विस्कटलेले, शर्टावर सूप सांडलेलं.

"लिफ्ट मी बिघडवलेली नाही," तो आधीच म्हणाला. "शप्पथ."

"पाहिलंत?"

"बाबांनी तुमचं भाषण तीनदा लावायला सांगितलं. प्रत्येक वेळी तुम्ही 'कुणीतरी आलं' म्हटल्यावर ते माझ्याकडे बघून खोकले."

मला हसू आलं, आणि लगेच रडूही आलं, दमल्यावर येतं तसं. तो पुढे झाला, पण उंबऱ्यापाशीच थांबला. मग त्याचा चेहरा उतरला.

"एक सांगायचं होतं. पुढच्या महिन्यात इथे नवीन लिफ्ट बसतेय. दुसऱ्या कंपनीची. माझं... इथलं काम संपलं."

बाबांची खुर्ची, चहाचे कप, ते दीड पान... सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"मग तुम्ही येणार कसे?" मी विचारलं.

"जिन्याने."

"सात मजले?"

"आज तुम्ही आलातच ना."

आतून बाबा खोकले. चांगले मोठ्याने.

मी मुठीतला मातकट बिल्ला त्याच्या सूप सांडलेल्या शर्टावर लावला. हात त्याच्या छातीवर तसाच थांबला. त्याने तो तिथेच धरून ठेवला.

"दमशील रे रोज," मी म्हणाले.

"दमेन की," तो म्हणाला. "तूही दमतेसच. आता दोघं मिळून दमू."