हुंकारा

चिखलदऱ्याच्या पठारावर त्या दिवशी रेंज भरपूर होती. कॉफीच्या मळ्याला लागून जरा सपाट जागा होती, तिथे केतकीने घरगाडी लावली. छतावरची थाळी आभाळाकडे नीट वळलीय ना ते पाहिलं आणि पडद्यावरच्या नकाशात त्या जागी एक हिरवा ठिपका टाकला. हिरवा म्हणजे इथे थांबा, बिनधास्त काम करा, नेट पडणार नाही.

ठिपके टाकणं हीच तिची नोकरी होती. गेल्या काही वर्षांत चाकांवरचं घर घेऊन हिंडणारे वाढले होते. सकाळी धबधब्याखाली अंघोळ आणि दहा वाजता ऑफिसची मीटिंग, असा त्यांचा खाक्या. त्यांना पाण्याच्या टाकीपेक्षा नेटची चिंता जास्त. त्यांच्यासाठी केतकीच्या कंपनीने जोडपेटी काढली होती. तीन कंपन्यांची सिमकार्डं आणि एक उपग्रह, अशा चार धाग्यांचा ती एक दोर वळायची. एक धागा तुटला तरी बाकीचे तोलून धरत. पण मेळघाटात असेही पट्टे होते, जिथे चारही धागे एकदम तुटत. केतकी त्यांना मुके पट्टे म्हणे.

मुक्या पट्ट्यांवरचा उपाय म्हणजे हुंकारा. पेटी महिनाभर तुमचं बोलणं ऐकायची आणि तुमच्या आवाजाची, तुमच्या सवयींची एक प्रत दूर शहरातल्या सर्व्हरवर ठेवायची. गाडी मुक्या पट्ट्यात शिरली की फोन तुटायचा नाही. तुमच्या जागी ती प्रत "हं", "बरं", "मग?" म्हणत राहायची. रेंज आली की पडद्यावर चार ओळींचा गोषवारा यायचा आणि तुम्ही बोलणं तिथून पुढे न्यायचं. समोरच्याला पत्ता लागत नसे.

हे नाव केतकीनेच सुचवलं होतं. लहानपणी बाबा गोष्ट सांगत, तेव्हा तिने हुंकारा द्यायचा असा नियम होता. हुंकारा थांबला की गोष्ट थांबली. बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. अकोटच्या आसपासचा एकेक खांब त्यांना नावानिशी ठाऊक. आई गेल्यापासून ते एकटेच राहत आणि रोज साडेपाचला फोन करत.

त्या दिवशीही केला.

"जेवली काय माय?"

"साडेपाच वाजलेत बाबा. ही काय जेवायची वेळ?"

"मग चहा?"

"कॉफी करतेय. मळ्याशेजारी थांबून चहा प्यायला तर हाकलतील."

"तिथं गवे येतात म्हणे गाडीजवळ."

"येतात. पासवर्ड विचारतात."

बाबा खदखदून हसले. मग गळा साफ करून म्हणाले, "बरं, ऐक. पोपटखेडच्या खांबाची गोष्ट सांगतो तुले."

ती गोष्ट तिने मागच्याच मंगळवारी ऐकली होती. खांबावर वानर, खाली पाटील, मध्ये बाबा.

केतकीसारख्या तपासनिसांच्या पेटीवर एक जादा बटण असतं. खरा मुका पट्टा शोधत हिंडायला नको म्हणून, भर रेंजमध्येही खोटा खंड पाडून हुंकारा तपासता येतो. केतकीने ते बाबांच्या फोनवर याआधी वापरलं होतं. एकदा चार मिनिटं, एकदा सात. तपासणीच तर आहे, असं ती स्वतःला सांगे.

तिने बटण दाबलं. कॉफीचा कप घेऊन गाडीच्या पायरीवर बसली. दरीत ऊन उतरत होतं. कुणी काही सांगत नव्हतं, कुणाला काही सांगायचं नव्हतं. फार दिवसांनी तिला बरं वाटलं. पुढे तिला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच, की तिला बरं वाटलं होतं.

एकतीस मिनिटांनी ती आत आली. फोन संपला होता. पडद्यावर गोषवारा होता. पहिली ओळ होती : "बाबांनी पोपटखेडच्या खांबाची गोष्ट सांगितली." ती हसली आणि पडदा मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकोटला दूधवाल्याने बाबांचं दार वाजवलं, ते उघडलं नाही. त्याने पलीकडच्या घरातून कुसुमआत्याला हाक मारली. बाबा पलंगावरच होते. झोपेतच हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

तेरवीला आत्या येईल त्याला सांगत होती, "भाऊ नशिबाचा. शेवटचा अर्धा तास लेकीशी बोलत होता. मी भाकर द्यायला गेली तं फोनच्या स्पीकरवर हिचं हं हं चालू." लोक केतकीकडे मायेने पाहत. केतकी मान खाली घाली. ते पाहून लोकांना आणखी माया येई.

पंधरा दिवसांनी कंपनीतून नंदिनीचा फोन आला. ती केतकीची वरिष्ठ. बोलायला अवघडली होती.

"केतकी, आत्ता विचारणं बरं नाही, कळतं मला. पण तो एकतीस मिनिटांचा खंड आजवरचा सगळ्यात लांब आहे. त्यांना शंका नाही ना आली?"

"नाही."

"रेकॉर्डिंग ऐकलंस?"

"हो," केतकी म्हणाली. तिने ऐकलं नव्हतं.

"मग अहवालावर तेवढी सही कर. ते बटण आता सगळ्याच ग्राहकांना देतोय. 'विसावा' नाव ठेवलंय."

तिने सही केली.

बाबांचं घर आवरायला ती अकोटला आली, तेव्हा तीन महिने उलटले होते. घरगाडी गल्लीत मावेना, म्हणून शाळेच्या भिंतीला लावली. दुपारी आत्या ओट्यावर अंबाडी निवडत बसली होती. तिचा चेहरा खुलला होता.

"रवी नि सून घेऊन फिरतात ना तुह्यासारखी गाडी? हिमाचलात हायेत सध्या. आधी मेला फोन दोन मिनिटांत तुटे. तुह्या कंपनीची ती पेटी बसवली, आता तासभर बोलतो माह्याशी. एकदाही तुटत नाही."

"तासभर?" केतकीने विचारलं.

"हो व! अन् आधी कसा खेकसे, 'आई, हे सांगून झालं तुझं.' आता शब्दानं टोकत नाही. गुडघ्याचं सांगा, शेजारणीचं सांगा, हं हं करत ऐकतो. पोरगा सुधरला बाई."

केतकी उठली. गाडीत काहीतरी राहिलं म्हणाली. गाडीत येऊन तिने दार लावलं आणि तीन महिने न उघडलेलं रेकॉर्डिंग लावलं.

खांबाची गोष्ट चालू होती. वानर खांबावर चढलं, पाटील आला. तिच्या आवाजात कुणीतरी "हं" म्हणत होतं. नेमक्या जागी, नेमक्या लयीत. अकराव्या मिनिटाला बाबा थांबले. मग म्हणाले, "तू नाहीस काय माय?"

"हं," आवाज म्हणाला.

"बत्तीस वर्सं तारा ऐकल्या म्या. तू असती तं आतापर्यंत म्हणली असती, बाबा, हे मंगळवारी झालं. हे तं ऐकूनच रायलं." ते किंचित हसले. "काम असन तिले. असू दे."

पलंग करकरल्याचा आवाज आला.

"आता तू कोण हायेस ते हायेस. तुलेच सांगतो. सकाळपासून डावा हात जड हाय. छातीत दाटल्यावानी वाटते. तिले सांगतलं तं घाट उतरून धावत येईन, अंधाराची. तिले नको सांगू."

"बरं," केतकीचा आवाज म्हणाला.

तिने त्या दिवसाचा गोषवारा उघडला. पहिली ओळ खांबाची. दुसरी, आत्याने भाकर आणल्याची. तिसरी होती : "डावा हात सकाळपासून जड, छातीत दाटतं. तुम्हाला कळवू नये असं त्यांनी सांगितलं, परंतु प्रकृतीची माहिती कळवण्याचा नियम आहे." यंत्राने शब्द मोडून तिला सांगितलं होतं. चिखलदऱ्याहून अकोट म्हणजे दोन-अडीच तास. तिने फक्त आणखी दोन ओळी वाचायच्या होत्या.

ती फोनवर असती तर बाबांनी हे सांगितलंच नसतं, हा विचार तिच्या मनात आला. तो खराही होता. पण त्याच्या आडोशाला बसायची तिला लाज वाटली.

ती ओट्यावर परत आली. आत्याने तिच्याकडे पाहिलं आणि हातातली काडी बाजूला ठेवली.

"रडून आली काय? नको रडू. सांग बरं, कोणाच्या नशिबी असते असं? शेवटपर्यंत लेक ऐकत होती."

केतकी तिच्यासमोर बसली. गप्प राहिली तर आत्याचा रोजचा तास शाबूत राहणार होता. रवी खरंच ऐकत असेल, नसेलही. केतकीला ते माहीत नव्हतं. पण एकदा बोलून गेलं की यापुढे रवीच्या प्रत्येक "हं"पाशी आत्या अडखळणार होती. आपल्या छातीवरचा दगड उतरवून तो या म्हातारीच्या ओटीत टाकायचा, हा कुठला न्याय? आणि तिला असंच हरखून बोलत राहू द्यायचं, हा तरी कुठला?

"आत्या, त्या फोनवर मी नव्हते."

"रेंज गेली असन मधातच. जंगलातलं काय—"

"नाही."

"अवं, मी माह्या कानानं ऐकलं. तूच होती." आत्या थांबली. तिची नजर ओट्यावर ठेवलेल्या स्वतःच्या फोनकडे गेली आणि तिथेच राहिली. "तू नव्हती, तं मंग हं हं कोण म्हणत होतं व?"

"ते सांगते. सगळं सांगते," केतकी म्हणाली. "पण आधी हे ऐक. रेंज होती, आत्या. मला बाबांचं ऐकायचा कंटाळा आला होता."